वेरा बाईंचा पाण्यातला प्राणी

चिचुंद्री दिसली की मी झाडू घ्यायची आणि वेरा बाई सुपली. आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या या रशियन बाई तिला अलगद सुपलीत घेऊन नालीपलीकडे सोडून यायच्या. "तिले मारू नका वो. उंदीर नोहे ते. माह्या जनावराची दूरची बहीण आहे."

हे मराठी त्यांनी माझ्या सासूबाईंकडून उचललेलं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. त्यांचे यजमान सर्गेई साहेब भट्टीच्या कामावर इंजिनियर, आणि या दिवसभर आमच्या ओट्यावर.

त्यांचं जनावर म्हणजे विखुखोल, इंग्रजीत डेस्मन. तिकडच्या एका नदीवर त्यांनी आठ वर्षं त्याच्या अभ्यासात काढली होती. सोंडेसारखं नाक, मागच्या पायांना बदकासारखे पडदे, डोळे असून नसल्यासारखे. जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या मोलचा हा भाऊबंद. एके काळी याची भावकी युरोपभर पसरलेली. आता दोनच जाती उरल्या, एक रशियाकडे, दुसरी पार स्पेनकडच्या डोंगरी ओढ्यांत. मला त्यात फारसा राम वाटत नसे. सासूबाईंनी मात्र तांदूळ निवडता निवडता विचारलं, एका घरचे असून एक मातीत अन् एक पाण्यात कावून?

"ज्याले जिथं खायले भेटलं, तो तिथचा झाला. एका दिवसात नाही वो माय, लय पिढ्या लागल्या."

मग त्या नदीवरून बोलावणं आलं. विखुखोल कमी होत चालले होते, काम पुन्हा सुरू होणार होतं. सर्गेई साहेबांची इथली दोन वर्षं बाकी होती. नवऱ्याला एकटं टाकून जाऊ नये, असं सासूबाईंनी बजावलं. वेरा बाईंनी नकार लिहिला आणि पत्र टपालात टाकायला साहेबांकडे दिलं.

आठवड्याने साहेब आमच्या ओट्यावर आले, तेच पत्र खिशातून काढून त्यांनी बायकोच्या हातात ठेवलं आणि रशियनमध्ये दोन वाक्यं बोलून ड्यूटीवर गेले. काय म्हणाले, असं सासूबाईंनी विचारलं.

"म्हणून राहिले, मले भट्टी सुटत नाही. तू नदी सोडून कावून बसली?"



महिनाभरात वेरा बाई निघाल्या. दुर्ग स्टेशनवर पेटी, वळकटी, पाण्याची सुरई मी चढवून दिली. साहेब टोपी हातात घेऊन नुसते उभे. गाडी हलली तशी सासूबाईंनी खिडकीचा गज धरला आणि दोन पावलं गाडीबरोबर चालल्या.

"मालकाची फिकर नको करू. आमच्या घरी जेवीन तो. तू तुह्या जनावराले सांभाळ."