घसरायला शिकवणारे उस्ताद

"पळवायला काय, रेडाबी पळतोय. थांबवून दाव."

स्टिअरिंगवर पहिल्यांदा हात ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला उस्ताद हे ऐकवायचे. ऐकवताना पोराकडं बघत नसत. रस्त्याच्या पार टोकाला, जिथं अजून काहीच दिसत नाही, तिथं बघत. तुम्ही मेंढपाळ पाहिले असतील. काठीवर हनुवटी टेकून असेच लांब बघत उभे असतात. उस्ताद मूळचे तेच. वडूजकडचे, मेंढरांमागं वाढलेले. लढाईत भरती झाले, ब्रह्मदेशच्या डोंगरांतून लष्करी लॉऱ्या हाकल्या आणि लढाई संपल्यावर हवालदार होऊन परत आले. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. तेवढा हक्क माझ्याकडं उरलेला नाही.

कुंडलला माझ्या मामांनी मिलिटरीच्या लिलावात दोन लॉऱ्या घेतल्या होत्या. आमच्या भागातला गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा, असा बेत. लॉऱ्या आल्या, पण जाणते ड्रायव्हर मिळेनात. मग मिसरूड फुटायच्या वयाची आम्ही चार पोरं मामांनी निवडली आणि आम्हांला तयार करायला उस्तादांना ठेवून घेतलं.

"पंधरा दिवसांत हुतील न्हवं तयार?" मामांनी विचारलं.

"गाडी चालवायला पंधरा दिस लय झालं, मालक," उस्ताद म्हणाले. "मानूस न मारायला किती लागत्यात, त्ये पोरावर हाय."

मामा हसले. दारात मोटार उभी असलेला माणूस तेव्हा कशालाही हसायचा.

गावाबाहेरच्या माळावर शाळा सुरू झाली. कुंभाराकडची तडकलेली, वाया गेलेली मडकी उस्ताद आणत आणि वाटेत इथंतिथं मांडत. प्रत्येक मडकं म्हणजे एक माणूस, आणि तेही आपल्याच घरातलं. नाव पोरानं सांगायचं. मडकं फुटलं तर संध्याकाळी त्या माणसापुढं उभं राहून तसं सांगून यायचं. यात सूट नव्हती.

शिदू आमच्यात सगळ्यात धीट. पहिल्याच आठवड्यात त्यानं आजीचं मडकं उडवलं. संध्याकाळी आम्ही तिघं दाराआड उभे राहिलो आणि शिदू आत गेला. म्हातारी शेंगा सोलत बसली होती.

"आज्जे, आज म्या तुला मारली."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि एक ठेवून दिली. "मुडद्या, जित्तेपनी मारतूस व्हय रं मला?"

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून माळावर हजर. "कंचं मडकं माजं? फुडं ठिवा त्येला. बगू कसा हानतोय!" उस्तादांना मोठ्यानं हसताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं. शिदूनं त्यानंतर एकही मडकं फोडलं नाही.

"रस्त्यावरचं समदं मेंढरू समजायचं," उस्ताद सांगत. "सायकलवाला मेंढरू, बैलगाडी मेंढरू, मामलेदार आला तरी मेंढरूच. कुटं वळंल, त्ये त्येचं त्येलाबी ठावं नसतंय. तुला ठावं पायजे."

शेवटचा धडा चिखलाचा. ओढ्याकाठी चिकणमातीचा तुकडा होता. तिथं आम्ही घागरींनी पाणी ओतायचो. येणारेजाणारे विचारत, "काय पेरलंय रं हितं?" त्या रेंद्यावर लॉरी मुद्दाम नेऊन घसरवायची आणि सावरायची. "शेपूट जिकडं पळतंय, तिकडं तोंड कर. आन् ब्रेकला शिवू नगंस. भ्यालं की पाय ब्रेकवर जातो. डोस्क्याला कळून उपेग न्हाई, त्यो पाय शिकला पायजे."

ज्याला जमलं त्याला ते नुसतं म्हणायचे, "सुटलास, जा." एवढंच सर्टिफिकेट. तिघं सुटले. मी राहिलो.

लॉरी सरकली की माझा पाय ब्रेकवर जायचाच. मालकाचा भाचा मी, आणि गड्या-गुराख्यांची पोरं माझ्या आधी सुटली, हे मला झोंबत होतं. उस्तादांना ते कळत असावं. बाकीचे घरी गेले की ते मला थांबवून घेत. केबिनमध्ये खाली उकिडवे बसत आणि माझा घोटा हातात धरत. मी लॉरी घसरवायची, पाय ब्रेककडं निघाला की त्यांनी घोटा दाबायचा. त्यांचं डोकं तिथं कुठल्या लोखंडाला कधी आपटेल याचा नेम नसे.

"भिऊ नगंस. म्या हाय न्हवं हितं."

एकदा असेच खाली बसल्या बसल्या म्हणाले, "तुज्याएवढंच पोरगं हुतं. माज्या फुडची गाडी. चिखलात ब्रेक दाबला आन् ग्येलं दरीत. त्येच्या आईला सरकारी कागूद ग्येला. म्या जाऊन सांगायला पायजे हुतं. न्हाई ग्येलो." मग माझ्या पायावर थाप मारून, "चल, फिरून घे."

गुऱ्हाळांची घाई सुरू झाली. उस्ताद भावाच्या लग्नाला गावी गेले होते. शिदू तापानं पडला, बाकी दोघं दुसऱ्या लॉरीवर. भरलेली लॉरी दारात उभी. मामांनी मला विचारलं, "उस्तादानं सोडलं का न्हाई तुला?"

"सोडलं की. परवाच."

इतकं सोपं होतं ते. घोटभर पाणी प्यावं तसं बोलून गेलो.

गावापासून फार लांबही गेलो नव्हतो. पाट फुटून रस्त्यावर पाणी आलं होतं. समोरून उसाची बैलगाडी. बैल बुजले आणि आडवे झाले. माझा पाय ब्रेकवर गेला. लॉरी एखाद्या दारासारखी फिरली आणि गाडीवानाला बैलगाडीच्या लाकडी साटीशी चिरडून थांबली. माणूस जगला. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला.

उस्ताद खबर ऐकून आले ते तडक आमच्या सोप्यात. कपडे लग्नातलेच होते. रागावले नाहीत. म्हणाले, "चल. दवाखान्यात हाय त्यो. जाऊन सांगून यिऊ. म्या येतो संगं."

मी उठलोही होतो. मामा आतून आले. "चौकशी हुईस्तवर तिकडं फिरकायचं न्हाई त्यानं."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी बसलो. ते एकटेच गेले.

ते गेल्यावर मामा म्हणाले, "उस्तादानं सोडलं हुतं, आसंच म्हनलास न्हवं मला? मग त्येच सांगायचं." माझ्या डोळ्यांत ते जरा जास्तच वेळ बघत होते. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. "त्येचं काय बिघडत न्हाई. मिलिटरीचा मानूस हाय. कामावरनं काडायला लागलं तरी दोन म्हैन्यात परत आनतो त्येला. शबूद देतो."

चौकशी चावडीत झाली. एका बाजूला मामा, एका बाजूला उस्ताद, भिंतीशी शिदू आणि दोघं. फौजदारांनी विचारलं, "तू शिकाऊ. गाडी न्यायला कुणी सोडलं तुला?"

"उस्तादांनी."

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती. मला खात्री होती. माझा घोटा धरून बसणारा माणूस मला पडू देणार नाही. ते 'व्हय' म्हणतील, सगळं अंगावर घेतील, आणि मी पुढं जन्मभर त्यांच्या पाया पडत राहीन.

"खोटं हाय," उस्ताद म्हणाले.

"पोरगं खोटं कशाला बोलेल?"

"भ्यालंय, सायेब."

"आणि तुम्ही वयानं एवढे, पोरावर ढकलताय?"

उस्तादांनी भिंतीकडं हात केला. "म्या व्हय म्हनलो तर ह्या तिगांनी काय समजायचं? उस्ताद न शिकलेलं पोरगं रस्त्यावर सोडतोय? मग म्या शिकीवलेलं समदंच खोटं झालं की. मला काय बी करा, पर ह्ये म्हनायला लावू नगा."

मामा खाकरले. "जाऊ द्या सायेब. चूक हुते मानसाची."

चावडीत सगळ्यांना उस्तादांची चूक दिसली. शिदू तोंड उघडणार होता, पण दारात उभा असलेला त्याचा बाप मामांच्या शेतात गडी होता, आणि तो बापाकडं बघून गप्प राहिला. उस्तादांचं लायसन गेलं. नोकरी तर गेलीच. जाताना ते तिघांशी बोलले, माझ्याशी नाही.

दोन महिने गेले, वर्ष गेलं. मामांनी त्यांना परत आणलं नाही. मी आठवण करून दिली तेव्हा मामा म्हणाले, "कोन उस्ताद?" मामांनी फसवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते बरं पडायचं. पण त्याच्याही तळाशी दुसरी गोष्ट होती आणि ती मी कुणालाच बोललो नाही. मला उस्तादांचा राग होता. त्यांनी मला दगा दिला असं मला वाटायचं. भर चावडीत, चारचौघांत, 'खोटं हाय'! दगा मी दिला आणि दुखावूनही मीच बसलो. इतकी वर्षं लागली हे एक वाक्य लिहायला.

उस्ताद आता नाहीत. चावडीनंतर आमची भेट झाली नाही. गेलो होतो एकदा. एसटी नवीनच सुरू झाली होती आणि शिदू तिच्यात ड्रायव्हर लागला होता, त्या सुमाराची गोष्ट. औंधपर्यंत मोटारीनं गेलो, पुढं विचारत विचारत चालत. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो.

उस्ताद घरी नव्हते. मेंढरं घेऊन नदीकाठाला गेले होते, ते पावसाळ्यालाच परतणार. लहान मुलासाठी त्यांची बायको मागं राहिली होती. मी कुंडलचा म्हणताच तिनं घोंगडी अंथरली.

"मग तुमी त्या पोरांतलंच असनार! बसा, बसा." नको नको म्हणेपर्यंत तिनं भाकरी आणि दूध पुढं ठेवलं. "लय काडत्यात त्येंच्या आठवनी. लायसन ग्येल्याचं येक डाव बोलत न्हाईत, पर पोरांचं बोलत्यात. तिगं लय गुनाची, म्हनत्यात. चवथ्याचं म्या इचारलं की उटून मेंढरांकडं जात्यात."

मी मान खाली घालून भाकरी मोडली.

"तुमी त्यातलं कोन?"

घोकलेलं सगळं ओठांपर्यंत आलं होतं.

"शिदू," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. तिनं अंगणातल्या पोराला हाक मारली, "आरं ये, पाया पड. शिदूदादा आलाय तुजा." पोरगं आलं, वाकलं, माझ्या पायांना हात लावून पळालं. तिनं आणखी एक भाकरी माझ्या ताटात ठेवली, वर दूध ओतलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

मी ती सगळी खाल्ली.