रेडिओचाचा आणि गळका कंडेन्सर

वाशीमचे आमचे रेडिओचाचा रेडिओ बोटांनी ऐकत. फौजेत वायरलेसवर असताना तोफांनी त्यांचे कान गेले होते. दुरुस्त केलेल्या सेटच्या कागदी भोंग्यावर दोन बोटं टेकवून ते डोळे मिटत. बोलायचं असलं की म्हणत, "इकडं तोंड करा, गुरुजी. ओठ दिसले पायजे."

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला मी शिरपूरला शिक्षक होतो. पंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ माझ्या ताब्यात होता. गावच्या सगुणाबाई नागपूर केंद्रावर ओव्या गाणार होत्या आणि नेमका त्याच सकाळी सेट घोगरा झाला. तो मांडीवर घेऊन मी वाशीमची बस धरली.

चाचांनी मीटर लावला. हलायला नको तिथं काटा हलला.

"ह्या व्हॉल्व्हवर साठ व्होल्टाचा दाब हाये, गुरुजी. पुढच्यावर जवळजवळ काहीच नसाले पायजे. आवाज तेवढा पलीकडं जावा, दाब इथंच राहावा, हे काम ह्या कंडेन्सरचं. हा तं गळून राह्यला."

तसा दुसरा खणात नव्हता. नागपूरहून मागवायचा तर आठ दिवस. माझा चेहरा पाहून चाचा मागच्या घरात गेले आणि थोड्या वेळानं एक कंडेन्सर घेऊन आले. डाख देऊन झाल्यावर टोपी घालत म्हणाले, "चला, मीबी येतो. बसच्या धक्क्यानं डाख सुटला तं?"

संध्याकाळी चावडीसमोर सगळं गाव बसलं. सगुणाबाईंचा आवाज स्वच्छ लागला. पुढं बसलेली त्यांची आई पदरात तोंड घालून रडायला लागली, तसे चाचा धडपडत उठले.

"आवाज फाटला का, गुरुजी?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी भुईमुगाच्या शेंगा घेऊन वाशीमला गेलो. माझी बदली झाली होती. ती आमची शेवटची भेट. शेंगा द्यायला आत चाचांच्या बायकोकडे, चाचींकडे गेलो, तर तिथं एक रेडिओ उघडा, मुका पडला होता.

"हा कायले बंद, चाची?"

"तुमच्या सेटात याचाच तुकडा बसवला नं. रोज मी आयकते अन् त्यायले सांगते, आज काय लागलं ते. सगुणाबाईचं मात्र माह्याच्यानं सांगनं झालं नाही."

मी चाचांसमोर मांडी घातली. माहेरच्या विहिरीवरच्या त्या ओव्या आठवतील तशा, हळूहळू म्हणू लागलो. चाचा माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हते. मी थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुसरी ओवी परत म्हना, गुरुजी."