दोन्हीकडे चालते

योगेश्वरी नेमकं काय काम करते हे सालेकशाजवळच्या तिच्या गावात कोणालाच धड सांगता येत नसे. तिच्या आईला, मुन्नीबाईला, कोणी विचारलंच तर ती म्हणे, "कम्प्युटरवर बटनं बनवते." हे अगदीच खोटं नव्हतं.

योगेश्वरी मोबाइलची ॲप्स लिहायची. नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम, तेही घरून, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, ज्या कोपऱ्यात रेंज यायची तिथे बसून. तिची करामत अशी की ती एकदाच लिही आणि तेच अँड्रॉइडवरही चाले, आयफोनवरही. "एकाच धानाचे पोहे बी होतेत अन् मुरमुरे बी, तसं," असं तिनं बाबांना समजावलं होतं. छोटेलालना ते इतकं पटलं की ते गावभर सांगत सुटले, आणि शेजारणी वाटी घेऊन पोहे मागायला दारात आल्या.

त्या वर्षी तिच्याकडे नागझिऱ्याच्या जंगलात येणाऱ्या पर्यटकांसाठी जिप्सी गाड्या आणि गाईड ठरवायचं ॲप आलं. ते दोन्हीकडे नीट चाललं तर कंपनी तिला पक्कं कामावर घेणार होती. नाहीतर नमस्कार. अँड्रॉइडवर ते सशासारखं पळत होतं. आयफोनवर काय होईल ते देव जाणे, कारण अख्ख्या गावात आयफोन नव्हता. कंपनीतला एकुलता एक आयफोन साहेबांच्या खिशात, आणि साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारी मीच बघीन.

आणि मुन्नीबाईनं नेमके रविवारी पाहुणे बोलावले.

"मी कामात असून राहिली, आई!"

"अन् मी कायचीत असून राहिली? साडी नेस!"

योगेश्वरी फणफणत साडी नेसली. मागच्या पाहुण्यांनी जाताना लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं होतं, "लग्नानंतर हा डब्बा बंद करन ना?" तेव्हापासून तिला पोह्यांच्या ट्रेचीच धास्ती बसली होती.

मुलगा आमगावचा. नाव खुमेंद्र, स्वतःचं कृषी केंद्र. सोबत त्याचे रायपूरचे मामा, टेकचंद. योगेश्वरी रीतीप्रमाणे मान खाली घालून ट्रे घेऊन आली. मान खाली होती म्हणूनच तिला ते दिसलं. मामांच्या बशीशेजारी आयफोन! ट्रे थरथरला. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजली. पोरीचं मन बसलं होतं हे खरं, पण नवरदेवावर नाही.

मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि शेवटी मोठेपणानं म्हणाले, "बेटा, तुमको कुछ पूछना है हमसे?"

"मामाजी, तुमचा फोन देता का जरा?"

छोटेलालना पोह्यांचा ठसका लागला. मामा मात्र फुलले. एवढा महागडा फोन घेतला, पण साऱ्या भावकीत त्याला अजून कोणी मान दिला नव्हता. "लो ना, लो!"

योगेश्वरीनं पदर खोचला आणि लॅपटॉप आणला. मामांच्या फोनवर चाचणीचं एक छोटं ॲप टाकलं, लॅपटॉपवरचा चौकोनी कोड त्याला दाखवला, आणि नागझिरा उघडला! हरणाचा फोटो नीट, गाड्या नीट, गाईडांची नावं नीट. तिला उडी मारावीशी वाटली. साडी आडवी आली म्हणून वाचली. खुमेंद्रनंही हळूच तसंच करून आपल्या अँड्रॉइड फोनवर ते उघडलं.

तेवढ्यात मामा म्हणाले, "अब वापस कैसे जाना?"

"खालचं बटन दाबा ना."

मामांनी खालचं एकुलतं एक बटण दाबलं. सगळंच बंद. पुन्हा उघडलं तर मामा तिथेच. गावातल्या प्रत्येक फोनला खाली मागे जायचं बटण होतं, म्हणून आपल्या ॲपमध्ये वेगळं बटण ठेवावं असं योगेश्वरीच्या कधी मनातच आलं नव्हतं. आयफोनला ते बटण नसतंच मुळी.

"मामाजी जंगलात अडकले वाटते," खुमेंद्र म्हणाला आणि खो खो हसला. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. हसणं बरं होतं.

मग ती मांडी घालून बसली आणि खटाखट लिहू लागली. एकाच जागी लिहिलं. मामांचा फोन लुकलुकला आणि कोपऱ्यात छोटासा बाण उगवला.

"माह्या फोनवर बी आला!" खुमेंद्र ओरडला. "माह्या फोनले तं तुमी हात बी नाही लावला!"

"एकदाच लिहाचं. दोघायले पोहोचते."

मामांनी बाण दाबला आणि ते जंगलाबाहेर आले. "चालते!" त्यांनी आरोळी ठोकली.

"इकडं बी चालते!" खुमेंद्र म्हणाला.

काहीच न कळल्यामुळे सगळ्यात खूश असलेले छोटेलाल ओरडले, "दोन्हीकडं चालते!"

आत मुन्नीबाईनं एवढंच ऐकलं. मुलगी बघायला आलेली माणसं "चालते" म्हणाली की त्याचा अर्थ एकच. ती साखरेचा डबा घेऊन धावत आली, शेजारणींना हाका मारल्या, आणि कोणी काही सांगेपर्यंत मामांच्या कपाळावर कुंकू आणि मामा-भाचे दोघांच्याही तोंडात मूठमूठ साखर होती. त्यांना बोलताच येईना.

खुमेंद्रनं साखर गिळली आणि योगेश्वरीकडे बोट दाखवलं. "आमाले तं चालते. पन यायले कोनी इचारलं का?"

योगेश्वरीनं लॅपटॉपवर हात ठेवला. "मले एकच सांगा. लग्न झालं, घरदार आलं, काम थांबलं कधी... तं वापस याचं बटन राहीन ना?"

त्यानं फोनमधल्या बाणाकडे पाहिलं. "राहीन. नाही तं मामाजीसारखं अडकून कोन बसन?"

तिला हसू आवरेना. "मंग चालते," ती म्हणाली.

सोमवारी साहेबांनी ॲप उघडलं, जंगलात गेले, बाण दाबून बाहेर आले आणि लगेच फोन केला. योगेश्वरी नाचतच स्वयंपाकघरात शिरली. "आई, साहेबायले चालते! पक्कं झालं!"

मुन्नीबाईच्या हातातला झारा खाली पडला. "अवं, त्यायले नाही म्हणून सांग! आपलं तं कालच जमलं ना!"