फाईल देणार नाही

लॅबमध्ये कुणी ‘सेव्ह’ दाबलं की आमचे लॅब असिस्टंट कपाळावर हात मारायचे. "काम केलं ना? मंग ते आपोआप राहायला पायजे. त्याच्यासाठी हात कशाला जोडून राहिले?"

असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नांदेडच्या आमच्या कॉलेजात मी प्राध्यापक, ते कंत्राटावर. वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत काम करायचं, मग ते टिकावं म्हणून फाईल करून डिस्कवर ठेवायचं, ही त्यांच्या मते माणसाच्या गळ्यात मारलेली भानगड होती. "दोन्हीची एकच मेमरी करा, सर. भोकरला रानातली तूर आम्ही रोज उपटून घरी नेतो का, अन् सकाळी परत लावतो का?"

नुसते बोलले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांनी भंगारात निघालेल्या मशीनवर तशी सिस्टिम लिहिली. चालू मशीनची वायर ओढली, परत लावली, तर अर्धवट गणित होतं तिथूनच पुढे चालू! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग एका विद्यार्थिनीच्या हातून त्यात चूक शिरली. मशीन कितीदा बंद-चालू केलं तरी चूक जाईना. "फाईल असती तर जुनी उघडली असती," मी डिवचलं.

"हाव, चूक बी राहते. रिस्टार्ट करून चुका झाकायची सवय लागलीय तुम्हाला. मी हुडकून राहिलो." तीन दिवस लागले, पण हुडकली.

कंत्राट वाढवायचं तर वर्षभराच्या कामाची फाईल पेन ड्राइव्हवर कमिटीला द्यावी लागे. मी म्हटलं, "चार पानं टाइप करून द्या. कोण वाचतंय?"

"ज्याच्यात फाईलच न्हाई, त्याची फाईल देऊ? न्हाई देणार."

दुसऱ्या दिवशी ते मशीनच खांद्यावर घेऊन कमिटीसमोर आले. अध्यक्ष म्हणाले, "हे जमा कसं करून घ्यायचं?"

"चालवून बघा की."

कुणी चालवलं नाही. नोकरी गेली. त्या कमिटीत मीही होतो आणि गप्प बसलो होतो. त्याची लाज अजून जात नाही.

परवा भोकरला त्यांच्या दुकानात गेलो. आता ते लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतात, दिवसभर फाईली अपलोड करतात. मी उगाच म्हटलं, "शेवटी फाईलच नशिबी आली."

"पोटासाठी करतो, पटलं म्हणून न्हाई." त्यांनी टेबलाखालून ते जुनं मशीन काढलं, वायर लावली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "त्या दिवशी तुम्ही बी समोर बसला होता, सर. आता तरी चालवून बघा."