आकड्याभोवतीची चौकट

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या मित्राबरोबर रोज सकाळी फिरायला जातो त्याच्याजवळही नाही. दोनदा अगदी तोंडापर्यंत आली होती. दोन्ही वेळा मी विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांवर नेला. पुण्यात ते सोपं असतं.

मी पेशाने नर्स. पुरुष असल्यामुळे लोक 'ब्रदर' म्हणतात. वाघोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी अजूनही अधूनमधून व्याख्यान देतो. विषय असतो वॉर्डमधलं विश्वासाचं वातावरण. चूक लपली की ती पुन्हा होते, म्हणून चूक सांगणाऱ्याला जपा, असं मी सांगतो आणि मुली ते वहीत उतरवून घेतात. सगळं खरंच असतं. घरी येताना मला स्वतःची चीड येते — आणि पुढचं बोलावणं आलं की मी पुन्हा हो म्हणतो. मग त्या चिडीला काय अर्थ आहे?

आयटी कंपन्या धडाधड येत होत्या तेव्हा नगर रस्त्यावर काचेचं एक नवं हॉस्पिटल उभं राहिलं. तिथे मी नर्सिंग सुपरिंटेंडेंट झालो, म्हणजे सगळ्या सिस्टरांचा प्रमुख. लॉबीत कारंजं होतं. वॉर्डात तीस पेशंटांना दोन सिस्टर. कारंजं बंद पडलं तर दुरुस्तीला माणूस त्याच दुपारी यायचा. मी आणखी चार सिस्टर मागितल्या की 'पुढच्या तिमाहीत बघू'. किती तिमाह्या गेल्या! मी अर्ज करायचो, आकडे मांडायचो, आमचे डायरेक्टर मान हलवायचे. ते हॉटेलच्या धंद्यातून आलेले, माझ्याहून लहान, पेशंटला 'गेस्ट' म्हणणारे.

माणसं मिळत नाहीत तर निदान चुका तरी कळाव्यात, म्हणून मी एक पेटी बसवली. सिस्टरांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर, भिंतीला. काही चुकलं, चुकता चुकता राहिलं, तर चिठ्ठी लिहून टाका. नाव नको. कुणी लिहिलं हे विचारलं जाणार नाही, शोधलं जाणार नाही — हा माझा शब्द, असं मी सगळ्यांना उभं करून सांगितलं.

"पेटी छान आहे," आपटे सिस्टर म्हणाल्या. "किल्ली कुणाकडे?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. आपटे सिस्टर सदाशिव पेठेतल्या, सगळ्यांत अनुभवी, बोलणं असं कोरडं. पण नव्या मुलींच्या ड्युट्या स्वतःच्या अंगावर घेणाऱ्याही त्याच होत्या.

तिसऱ्या आठवड्यात ती चिठ्ठी आली. पोटॅशियमच्या आणि साध्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या कुप्या दिसायला अगदी सारख्या. पाणी औषध विरघळवायला वापरतात. पोटॅशियम तसंच शिरेत गेलं तर माणूस जागेवर जाऊ शकतो. दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या. घाईत चुकीची कुपी सिरिंजमध्ये भरली, टोचण्याआधी लेबल दिसलं, फेकून दिली — असं लिहिलं होतं. खाली एक ओळ: कुप्या वेगळ्या ठेवा आणि कृपया माणसं द्या.

अशी चिठ्ठी यावी म्हणूनच तर पेटी होती! मी त्याच दुपारी सगळ्या वॉर्डांतल्या कुप्या वेगळ्या कपाटांत ठेवायला लावल्या. मग चिठ्ठी घेऊन डायरेक्टरांकडे गेलो. वाटलं, आता तरी माणसं देतील.

त्यांनी ती दोनदा वाचली. पुढच्या आठवड्यात एक मोठी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हॉस्पिटल पाहायला येणार होती. ही बाई बाहेर बोलली तर, असं ते म्हणाले. आणि मग, अगदी सहज — "ब्रदर, तुम्हाला तर सगळ्यांची अक्षरं पाठ असतील."

मला माहीत होतं. चिठ्ठीत '१० मिली' लिहून त्या आकड्याभोवती नीट चौकट काढली होती. औषधाच्या आकड्याला चौकट करा, म्हणजे शून्य सुटत नाही, हे मी सगळ्यांनाच शिकवायचो. सवय लागली ती एकीलाच. वंदना ढोके. वर्ध्याची, करारावर लागलेली, तीन मैत्रिणींबरोबर येरवड्यात खोली घेऊन राहणारी.

मी 'नाही' म्हणू शकत होतो. मला कुणी धमकावलं नाही. नोकरीवर गदा यायचा प्रश्न नव्हता. मग का? त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी एक व्हायचं होतं म्हणून? सगळ्यांची अक्षरं पाठ आहेत हे दाखवायचं होतं म्हणून? मी वीस वर्षं हे स्वतःला विचारतो आहे, आणि जे उत्तर येतं ते इतकं क्षुल्लक असतं की लाज वाटते.

मी नाव सांगितलं.

वंदनाचा करार त्या महिनाअखेरीला संपवला. 'कामगिरी समाधानकारक नाही', असं पत्रात होतं. ती माझ्या केबिनमध्ये निरोप घ्यायला आली. मी उभा राहिलो — सांगून टाकावं असं खरंच वाटलं होतं. तीच आधी बोलली.

"सर, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही तर आमच्यासाठी भांडूनच राहिले होते. कोणं सांगितलं ते माहीत आहे मले. मी चिठ्ठीचं फक्त आपटे सिस्टरले बोलली होती."

मी तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर सही केली, पुढच्या नोकरीसाठी शुभेच्छा दिल्या. ती वाकून पाया पडली. मी पडू दिलं.

बस, एवढंच करायचं होतं मला — गप्प बसायचं. बाकीचं आपोआप झालं. आपटे सिस्टर आल्या की डबे बंद व्हायचे. त्यांच्याबरोबर ड्युटी नको म्हणून मुली माझ्याकडे अर्ज घेऊन यायच्या, आणि मी ते मंजूर करायचो. एक दिवस त्या स्वतः आल्या.

"सर, आपण त्यांना फक्त एवढं सांगा की मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. बाकी मी बघून घेईन."

"जाऊ द्या हो, सिस्टर. चार दिवसांत विसरतील."

"कुठल्या कॅलेंडरातले चार दिवस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

पेटीत त्यानंतर एकही चिठ्ठी पडली नाही. आणि ती रिकामी पेटी — आमच्याकडे चुका होत नाहीत याचा पुरावा म्हणून — डायरेक्टर पाहुण्यांना दाखवायचे. शेजारी मी उभा असायचो.

सहा-सात महिन्यांनी एका आजोबांना इन्सुलिन दोनदा दिलं गेलं. ड्युटी बदलताना एकाच तक्त्यावर दोन सिस्टरांनी वेगवेगळ्या जागी नोंद केली होती. साखर फार खाली गेली; ते वाचले, पण बायकोला ओळखेनासे झाले. चौकशीत त्यांतली एक मुलगी रडत म्हणाली, त्या तक्त्यात असा घोळ होतो हे आम्हाला सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मी ओरडलो, मग सांगितलं का नाही?

"कुणाला सांगायचं, सर? आपटे सिस्टर आहेत ना इथे."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. समोर अख्खी समिती बसली होती, एका वाक्याचं काम होतं. मी अहवालात लिहिलं — 'कर्मचाऱ्यांमध्ये परस्पर विश्वासाचा अभाव.'

आपटे सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा कॅन्टीनमध्ये समारंभ ठेवला होता. पाच जण आले, त्यात दोन कॅन्टीनचेच. त्यांच्या निष्ठेवर भाषण मीच केलं. "बोलता छान तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, पहिल्या दिवसापासून. मग त्या कुणाजवळ बोलल्या का नाहीत, हे मला आजही कळत नाही, आणि आता विचारताही येणार नाही.

मागच्या महिन्यात त्या गेल्या. आमच्या जुन्या स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बातमी तिथेच आली. मग वंदनाचा संदेश आला. ती आता नागपूरला मेट्रन आहे. 'झालं गेलं विसरले मी. देव त्यांना क्षमा करो.'

त्याखाली एकेक करत चौदा जणांनी जोडलेले हात टाकले. पंधरावा मी.