लोणीच्या शेतात उतरलेलं विमान

बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा मला आवाज न करता करण्यासारखं काहीतरी हवं होतं. टीव्ही लावला की तिला त्रास व्हायचा, मिक्सर फिरवला की ती दचकायची. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. लग्नं दोघींनीही केली नाहीत. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीने काढायचे, मी ते शाईने उतरवून काढायची. कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्या कडा बघायच्या, ही खोड तिथली.

तिच्या उशाशी फोन चाळता चाळता मला इंटरनेटवरचा तो गट सापडला. लोक घरातले, अडगळीतले विमानांचे जुने फोटो टाकायचे आणि विचारायचे, हे कुठलं? मग बाकीचे चाकांवरून, शेपटीच्या वळणावरून, खिडकीच्या आकारावरून ओळखायचे. सुरुवातीला मी नुसती बघायची. एकदा एका फोटोत पंखांची टोकं वर वळलेली दिसली आणि मी धीर करून लिहिलं, 'प्रेंटिस.' खाली कुणीतरी लिहिलं, 'सर, अगदी बरोबर.' बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "सर का म्हणाला?"

"विमानं ओळखणारा माणूस म्हणजे पुरुषच असणार, असं वाटलं असेल."

"मग सांग की त्याला."

मी सांगितलं नाही. इंग्रजीत चालायचं सगळं, मी बाई आहे हे कळायचं कारणच नव्हतं.

ती गेली. तेराव्यापर्यंत माणसं होती, मग ज्याची त्याची कामं सुरू झाली. आता मिक्सर कितीही फिरवला तरी चालणार होतं, पण मी डाळ-तांदूळ एकत्रच कुकरला लावून मोकळी व्हायची. कित्येक दिवस असे जायचे की दूधवाल्याशी बोललेलं सोडलं तर तोंडच उघडलेलं नसायचं. संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकला की घोगरा वाटायचा. अशा वेळी तो गट होता, आणि त्यात मला 'सर' म्हणणारा तो माणूस होता.

त्याच्या नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं होती. इंग्रजी स्वच्छ, मोजकं. मी त्याला साहेबांच्या देशात, कुठल्याशा दगडी घरात बसवून टाकला होता. आम्ही विमानांपलीकडे एक शब्द बोलायचो नाही. मी चुकले की तो लिहायचा, 'शेपूट पुन्हा बघा.' तो चुकला की मीही तेच लिहायची. रोज सकाळी चहा घेताना त्याचं उत्तर आलेलं आहे का, हे मी आधी बघायची.

मग एक फोटो आला. उघड्या शेतात उतरलेलं एक छोटं विमान, पंख छपराला जोडलेले, भोवती फेटेवाले आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. विमानाचं नाक गर्दीच्या मागे लपलेलं. टाकणाऱ्याला एवढंच माहीत होतं की फोटो भारतातला आहे. मी लिहिलं, पुष्पक, आपल्याकडेच बनायचं ते. त्याने लिहिलं, ऑस्टर, विलायती. दोन दिवस आमचा वाद चालला. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'विमानाचं राहू द्या. मागचा डोंगर मी लहानपणापासून बघत आलो आहे. हे लोणी काळभोर नावाचं गाव आहे.'

मी कप खाली ठेवला. 'लोणी काळभोर तुम्हाला कसं माहीत?'

'माझं आजोळ. मी पुण्यात राहतो, बिबवेवाडीला. तुम्हाला अर्थात ठाऊक नसणार.'

मी कीबोर्ड बदलला आणि मराठीत लिहिलं, 'मी कर्वेनगरला राहते.'

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, मराठीत. 'आपण बाई आहात हे माहीत नव्हतं. इतके दिवस सर म्हणत आलो, क्षमस्व.' त्याच्या खाली थोड्या वेळाने आणखी एक ओळ. 'तरीही ते ऑस्टरच आहे.'

मी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले.

फोन करू का विचारलं तर त्यांनी नको म्हटलं. (आता 'तो' म्हणणं मला जमेना.) 'घरी या. पण आधीच सांगतो, मला अजिबात ऐकू येत नाही. चाळिशीत आजारपणात कान गेले.'

मी रिक्षाने गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. बाबांकडे आले आहे म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाबांकडे? बाबांकडे कुणी येत नाही हो काकू. तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का?"

"नाही. विमानातली."

आतल्या खोलीत ते खिडकीशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. उठून त्यांनी नमस्कार केला आणि खुर्चीकडे हात दाखवला. बोलले नाहीत. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही, म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून आपापल्या फोनवर लिहायला लागलो. सून चहा घेऊन आली, आमच्याकडे पाहिलं आणि कप ठेवून हळूच निघून गेली.

त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला. दोन फेट्यांच्या मधल्या फटीतून नाकाचा खालचा भाग दिसत होता, खोल आणि अरुंद. पुष्पकचं नाक आखूड, रुंद असतं. मी लिहिलं, 'ऑस्टर. मान्य.' ते एकदम हसले, आणि तो हसण्याचा आवाज इतका मोठा आला की सून धावत आली.

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी ठरवून लोणीला गेलो. डोंगर तसाच होता, त्याच्या अलीकडे कॉलेजांच्या इमारती आणि प्लॉटच्या पाट्या. एका घरासमोर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी फोनमधला फोटो तिला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"हाय की. हितंच उतरलं हुतं. मी एवढीशी हुते. त्यो चालवणारा लई घाबरलेला, घटाघटा पानी प्याला आमच्या घरचं. आईनं भाकरी दिली तर खाईना. रडायलाच लागला बघा."

मी तिचा शब्द न् शब्द टाइप करत होते आणि ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग कित्येक वर्षांनी बोलत असल्यासारखे, अडखळत, फार मोठ्याने म्हणाले, "का रडला?"

म्हातारी दचकली. "त्ये कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. तेही मी टाइप केलं.

परतताना गाडी आधी बिबवेवाडीला थांबली. उतरल्यावर त्यांनी माझ्या बाजूच्या काचेवर बोटं टेकवली आणि आत गेले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे अधूनमधून जायची. चहा, दोन-चार फोटो, आणि काही न लिहिता बसलेलं असणं. माझ्या घरी ते एकदाच आले. निघताना भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले, आणि कोण, असं मात्र विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाची नागपूरला बदली झाली, घरचे सगळेच तिकडे गेले. मला कळलं ते सगळं सामान गेल्यावर. त्यांनी लिहिलं, 'निरोप घेणं मला जमत नाही.' मला राग आला. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, मग दिलं. दुसरं काय करणार होते?

आता पुन्हा पूर्वीसारखंच चाललं आहे. ते लिहितात, मी लिहिते, चुकलं की 'शेपूट पुन्हा बघा.' तरी पूर्वीसारखं नाही. पूर्वी उत्तराला उशीर झाला तर दगडी घरातला एक साहेब झोपला असेल असं वाटायचं. आता खिडकीशी बसलेला माणूस दिसतो, पायात मोजे घातलेला. घरात त्याच्याशी आज कुणी काही लिहून बोललं असेल का, हा विचार मला दिवसभर सोडत नाही.

परवा त्यांनी कळवलं, 'इथे विमानतळ जवळ आहे. गच्चीवरून चांगली दिसतात. येऊन जा.' नागपूरला माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही. थंडी पडली की जाईन, असं मी लिहिलं आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.