बाईंच्या वहीतली कविता

मी माझं गाव, कुडपण, सोडलं त्या सकाळी आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. मी पाया पडले तेव्हा पिठाचा हात केसांना लागू नये म्हणून तिने नुसतं मनगट माझ्या डोक्याला टेकवलं. "जा गो," म्हणाली, आणि पुन्हा परातीकडे वळली. आबा, म्हणजे माझे वडील, पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आले. ठाण्याची एसटी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. बोलायचं होतं ते दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच कोणी बोललं नाही.

आमच्या घरात तेव्हा वर्षभर असंच चाललं होतं. माझा मोठा भाऊ महेश, मी त्याला दादा म्हणायचे, महाड ते खेड टेम्पो चालवायचा. ऐन पावसाळ्यात, श्रावणाच्या तोंडावर, कशेडी घाटात दरड कोसळली ती त्याच्या टेम्पोवर. त्यानंतर आईने त्याचं नाव घेतलं नाही. आबांनीही नाही. त्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही, ट्रंकेत ठेवला.

आणि मी गप्प होते, त्याला कारण होतं. त्या दिवशी दादा खेडलाच मुक्काम करणार होता. पाऊस फार होता. मीच त्याला फोन केला. "दादा, आजच ये रे. उद्या कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, मला महाडला कोण नेणार?" तो हसला आणि म्हणाला, "येतो, रडू नको." तो फॉर्म मी कधीच भरला नाही. माझ्या त्या फोनबद्दल मी कोणाला सांगितलंही नाही. गाव सोडलं ते कामासाठी, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर मला आईच्या समोर बसून जेववत नव्हतं.

ठाण्याला पेशंट सांभाळायचं काम मिळालं. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन, दारावरच्या रजिस्टरमध्ये सही. आमच्या पठारावर उभं राहिलं की खालचे डोंगर दिसतात, इथे खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. पेशंट म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत, मीही म्हणू लागले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला होता आणि वाचा बसली होती. ज्या बाईने जन्मभर वर्गात मराठी शिकवलं, तिला आता पाणी हवं असेल तर "पाणी" म्हणता येत नव्हतं. पण कविता म्हणता यायच्या. थेरपिस्ट मॅडमनी मला समजावलं, की असं होतं कधीकधी. बोलणं हरवतं, पण चालीवर पाठ केलेलं शिल्लक राहतं. मी त्यांना आंघोळ घालताना बाई जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कवितेच्या चार ओळी खणखणीत म्हणायच्या, आणि नंतर टॉवेल मागताना अडकून रडायच्या.

थेरपिस्ट मॅडमनी एक काम लावून दिलं होतं. बाईंनी रोज पाच शब्द उच्चारायचे आणि मी ते वहीत लिहायचे. चहा. खिडकी. औषध. कधी एका शब्दाला अर्धा तास लागायचा. अशीच एक दुपार. बाईंनी भिंतीवरच्या त्यांच्या तरुणपणीच्या फोटोकडे बोट केलं. त्यात त्यांच्याशेजारी एक मुलगा सायकल धरून उभा होता. बाईंचे ओठ थरथरले. "भ... भा... ऊ."

मी वहीत "भाऊ" लिहिलं. मग पेन थांबेना. काय लिहितेय हे मलाही कळत नव्हतं. पान भरलं, उलटलं. शेवटच्या चार ओळी मला अजून तोंडपाठ आहेत:

दादा, तू थांबणार होतास खेडला,
मीच म्हटलं, ये.
तू पोचला नाहीस,
माझं 'ये' अजून घाटात उभं आहे.

बाईंनी डाव्या हाताने वही ओढून घेतली. वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्यांनी टेबलावरचं लाल पेन खुणेने मागितलं आणि डाव्याच हाताने माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले! तीन चुका निघाल्या. मला हसू आलं आणि हसता हसता मी जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले. दादा गेल्यावर पहिल्यांदा. बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि एकेक शब्द खेचून काढत होत्या. "आई. आईला. वाच."

मी नको म्हटलं. ते जमणार नव्हतं. पण बाई शिक्षिका होत्या. रोजच्या पाच शब्दांत त्या आता दोन शब्द हेच म्हणू लागल्या. महिनाभर. शेवटी मी चार दिवसांची सुट्टी घेतली.

घरी गेले तेव्हा आई ओटीवर नाचणी पाखडत होती, आबा दोरी वळत होते. धीर गोळा करून मी वही उघडली आणि उभ्या उभ्या वाचलं. चौथीच्या वर्गात धडा वाचतात तसं, एका दमात. वाचून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना.

सूप थांबलं होतं. आई म्हणाली, "तू पण केलतास फोन?"

मला आधी तो "पण" कळलाच नाही.

"मी केलता," आई म्हणाली. "शेजारच्या काकीच्या फोनवरून. तुला नाय माहीत. म्हटलं, बाबा, चिंबोऱ्यांचा रस्सा केलाय, तुला आवडतो, घरी ये जेवायला." तिने सूप बाजूला ठेवलं. "मला वाटायचं, मीच मारला माझ्या पोराला. तुझ्याकडं बघायची पण लाज वाटायची गो. तुझा भाऊ मी नेला म्हणून."

दोन वर्षं आम्ही एकाच चुलीपुढे, मग शंभर कोसांवर, एकच ओझं दोघी वेगवेगळं वाहत होतो. मी आईच्या मांडीत डोकं घातलं. तिने त्या दिवशी दादाचं नाव घेतलं. "म्हेश, म्हेश," करत खूप वेळ रडली. आबांनी दोरी खाली ठेवली नव्हती, पण वळणं थांबलं होतं. ते म्हणाले, "तो कोणाच्या सांगण्यावरनं कधी आलाय काय? यायचं नसतं तर तुमच्या दोघींचं काय, माझं पण ऐकला नसता. त्याला घरी यायचं व्हतं."

त्या वाक्याने सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पाऊस जास्त झाला की अजूनही माझ्या छातीत धडधडतं. पण संध्याकाळी ट्रंक उघडली गेली. फोटो भिंतीवर लागला.

याला आता काही वर्षं झाली. बाई हळूहळू पाच-सहा शब्दांची वाक्यं बोलतात. मी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि अजून लिहिते. माझ्या कविता कुठे छापून आलेल्या नाहीत, येतील असंही नाही. पण गाव सोडून माझ्यासारख्या निघालेल्या आणि मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला एवढंच सांगते. जे तोंडाने सांगता येत नाही ते आधी कागदाला सांगून बघा. कागद आपलं बोलणं मध्येच तोडत नाही. बाईंचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही, आणि मला ते फेडायचेही नाहीत. ते असू देत माझ्यावर.

रविवारी दुपारी मी आईला फोन लावते आणि नवीन काही लिहिलं असेल तर वाचून दाखवते. गेल्या रविवारी वाचत होते, "निळ्या शर्टातला दादा", तर आईने लगेच अडवलं. "निळा नाय गो. चौकडीचा व्हता. पोलादपूरच्या बाजारातनं मीच घेतलेला." मागून आबा म्हणाले, "चौकडीचा नाय, पट्ट्यांचा." आणि मग दोघं फोनवरच भांडायला लागले, दादाच्या शर्टावरून, मोठमोठ्याने.

मी पेन हातात धरून ऐकत राहिले. नवव्या मजल्यावर, दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी माझ्या घरी होते.